फाटकाच्या आत अर्धी जागा: सिस्टर सिरिल यांनी सियालदहच्या शाळेत नेमकं काय केलं

कोलकात्यात सियालदह स्टेशनपासून जवळच लोरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा आहे. १८५७ साली सुरू झालेली, इंग्रजी माध्यमाची, कॅथलिक धर्मभगिनींनी चालवलेली. उंच फाटक, आत गणवेशातल्या मुली आणि बाहेर फुटपाथवर ताडपत्रीखाली संसार मांडलेली माणसं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हे चित्र वेगळं सांगावं लागत नाही.

या शाळेत १९७९ साली सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या आणि २०११ पर्यंत त्याच खुर्चीत राहिल्या. त्या आल्या तेव्हा शाळेत सुमारे ७९० मुली होत्या आणि त्यांतल्या ९० जणी फी न भरता शिकत होत्या. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पट १,४०० च्या आसपास गेला होता आणि त्यांतल्या निम्म्या मुली बिनफीच्या होत्या. शिवाय कुठल्याच वर्गाच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या, थेट रस्त्यावरून येणाऱ्या मुलीही त्याच इमारतीत अक्षरं गिरवत होत्या. त्यांच्यासाठीच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘रेनबो’. तो १९८५ साली सुरू झाला.

अशा बाईंबद्दल लिहिताना आपण ‘आयुष्य सेवेला वाहिलं’ असं म्हणतो आणि तिथेच थांबतो. मला ते पुरेसं वाटत नाही. त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्यच आहे, पण त्यांनी एक यंत्रणा उभी केली होती, तिचे भाग होते आणि ते एकमेकांत नीट बसवलेले होते. बेघर घरातलं मूल शाळेत का टिकत नाही, या किचकट प्रश्नाचं उत्तर त्या यंत्रणेत आहे. ते उत्तर उलगडून सांगण्यासाठी हा लेख.

बेघर म्हणजे कोण

‘बेघर’ म्हटलं की एकटा, दाढी वाढलेला, स्टेशनवर झोपलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तसे असतातच. पण आपल्या शहरांत पूर्ण कुटुंबं रस्त्यावर राहतात. नवरा-बायको, तीन-चार मुलं, कधी म्हातारी आई. ती कुठून तरी काल-परवा आली आहेत असंही नसतं. काही कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी त्याच फुटपाथवर जन्मलेली असते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख माणसं बेघर मोजली गेली. महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख. ही मोजणी एका रात्रीत होते आणि रस्त्यावर झोपणाऱ्याला पोलिसांनी हुसकलं की तो दुसरीकडे सरकतो. म्हणून बेघरांमध्ये काम करणारे लोक हा आकडा कमीच धरतात. शिवाय यात झोपडपट्टीतले लोक नाहीत. झोपडीला चार भिंती असतात, जनगणनेच्या हिशेबात ते घर असतं. इथे आपण त्याच्याही खालच्या पायरीबद्दल बोलतो आहोत.

ही माणसं फुटपाथवरच का राहतात, याचं उत्तर १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं गेलं होतं, आणि तेही आपल्या मुंबईतून. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात फुटपाथवासीयांचं म्हणणं होतं की आमचं काम इथे आहे, म्हणून आम्ही इथे आहोत. इथून हलवलं तर काम जाईल आणि काम गेलं तर जगणंच जाईल. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवण्याची मुभा पालिकेला राहिली. त्याच वर्षी भायखळ्याच्या परिसरातल्या फुटपाथवरच्या बायकांसोबत ‘स्पार्क’ या संस्थेनं फुटपाथवासीयांची गणना करून ‘वी, द इनव्हिजिबल’ हा अहवाल काढला. मुंबईत कोर्ट आणि गणना, कोलकात्यात रेनबो. तिन्ही एकाच वर्षी घडलं ते योगायोगानं, पण शहरांतला हा प्रश्न तेव्हा किती वर आला होता ते यावरून कळतं.

सियालदहचा स्वतःचा इतिहासही आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून येणारे निर्वासितांचे लोंढे याच स्टेशनावर उतरले. फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं महिनोन्महिने राहिली. नंतर दक्षिणेकडच्या गावांतून, सुंदरबनच्या बाजूने, कामासाठी माणसं याच गाड्यांनी येत राहिली. स्टेशनाभोवती हमाली, भाजीबाजार, भंगार, घरकाम अशी रोजची कामं मिळतात. म्हणून कुटुंबं स्टेशनाच्या आजूबाजूलाच वसली आणि शाळा त्यांच्या मधोमध होती.

शाळा मोफत असूनही मूल का येत नाही

फुटपाथवरच्या दहा वर्षांच्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे सार्वजनिक नळाला पाणी येतं, तेव्हा ती उठलेली असते. हंडे भरून झाले की आई घरकामाला जाते आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर येतो. सकाळी सफाई कामगार येण्याआधी कचऱ्यातून प्लास्टिक, कागद, पत्रा वेचावा लागतो, कारण नंतर तो उचलला जातो. भंगारवाल्याकडे वजन करून पैसे घ्यायचे. दुपारी आई परत आली की हिचा तासभर मोकळा. संध्याकाळी पुन्हा बाजारात पडलेली भाजी वेचायला जायचं. रात्री रहदारी, दिवे, दारू प्यायलेले लोक आणि पोलिसांचा दंडुका, त्यामुळे झोप तुकड्यातुकड्यांत.

आता या मुलीला सांगा की शाळा सकाळी सात ते साडेबारा आहे, उशीर झाला तर गेट बंद, गणवेश स्वच्छ पाहिजे, गृहपाठ पाहिजे, जन्मदाखला आण, पत्त्याचा पुरावा आण. शाळेत फी माफ असली तरी यातली एकही अट तिला पाळता येणार नाही. आणि समजा पाळलीच, तर दहा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीच्या बाकावर सहा वर्षांच्या पोरांमध्ये बसवतील. आठवडाभरात ती लाजेनंच पळून जाईल.

शिक्षणाच्या क्षेत्रातली माणसं अशा मुलांना ‘गळती’ झालेली म्हणतात. गळती म्हणजे दोष मुलाचा, असं नकळत ठरून जातं. सिस्टर सिरिल यांनी सुरुवातच उलट बाजूनं केली. मूल शाळेच्या वेळेत बसत नसेल, तर शाळेची वेळ मुलाच्या दिवसात बसवायची.

या सिस्टर कोण होत्या

त्यांचा जन्म १९३६ चा, आयर्लंडमधल्या ब्रे या समुद्रकाठच्या गावचा. तरुणपणीच त्या लोरेटो संस्थेत धर्मभगिनी झाल्या आणि १९५६ साली भारतात आल्या. लखनौत राहिल्या, शिकवलं, प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विज्ञानाचा अभ्यास केलेल्या या बाईंच्या कामात पुढे जी नेटकी आखणी दिसते, तिचं मूळ मला इथे वाटतं.

धर्मभगिनी म्हणजे काय, हे वसई, गोवा किंवा अहिल्यानगर भागातल्या वाचकांना माहीत असतं, इतरांसाठी थोडक्यात सांगते. या बायका दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. दारिद्र्याचं व्रत म्हणजे वैयक्तिक मालमत्ता नाही, मिळणारा पगार संस्थेकडे जातो. आज्ञापालन म्हणजे संस्था सांगेल तिथे जायचं, सांगेल ते काम करायचं. बाहेरून हे बंधन दिसतं आणि ते आहेच. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बढती, घरकर्ज, मुलांचं शिक्षण, निवृत्तीनंतरची सोय यातलं काहीच त्यांच्या निर्णयांच्या आड येत नाही. एकाच शाळेत ३२ वर्षं एकच प्रयोग नेटानं चालवणं नोकरी करणाऱ्या मुख्याध्यापिकेला जवळजवळ अशक्य असतं. बदली होते, व्यवस्थापन बदलतं, पालक संघ रुसतो. इथे एकच व्यक्ती इतकी वर्षं टिकली हा त्या यंत्रणेचा पहिला भाग होता.

लोरेटो भगिनी कोलकात्यात १८४१ पासून आहेत. त्यांच्या शाळा चांगल्या आणि म्हणूनच सुखवस्तू घरांतल्या मुलींनी भरलेल्या. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली. तिच्यानंतर जगभरच्या कॅथलिक संस्थांमध्ये एक अवघड प्रश्न विचारला जाऊ लागला: आपण गरिबांसाठी व्रत घेतलं आणि शिकवतो मात्र श्रीमंतांना, हे कसं? काही संस्थांनी शहरातल्या शाळा सोडून खेड्यांची वाट धरली. काहींनी काहीच बदललं नाही.

इथे मदर तेरेसांची आठवण येणारच. त्याही आधी लोरेटोच्याच. सियालदहजवळच्या एन्टालीच्या आवारात त्या शिकवत होत्या. १९४८ साली त्या परवानगी घेऊन लोरेटोतून बाहेर पडल्या आणि वस्तीत गेल्या. सिस्टर सिरिल बाहेर पडल्या नाहीत. शाळा तीच ठेवली, फी देणारे पालक तेच ठेवले आणि फाटकाच्या आतच जागा केली. कुणाचं मोठं आणि कुणाचं लहान ही तुलना मला करायची नाही. पण सिरिल यांचा मार्ग कमी बोलला जातो आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना तो जास्त टोचतो. कारण त्यात आपल्याच मुलांची शाळा येते.

रेनबो कसं चाले

पहिली गोष्ट, वेळ. रेनबोतली मुलगी शाळेच्या वेळात कधीही येऊ शकत होती आणि कधीही जाऊ शकत होती. सकाळी भंगार वेचून दहाला आली तरी चालेल, दुपारी भाऊ रडतोय म्हणून निघाली तरी चालेल. उद्या आली नाही तर नाव कापलं जाणार नव्हतं.

आता कुणीही शिक्षक विचारेल, असा वर्ग घ्यायचा तरी कसा? वीस मुली वीस वेगळ्या वेळांना येणार, एकीला अक्षर येत नाही, दुसरी दुसरीपर्यंत शिकून सुटलेली, तिसरीला हिशेब तोंडपाठ पण लिहिता येत नाही. फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना एकच धडा शिकवणं इथे शक्यच नाही. एका मुलीला एक शिक्षक हवा. इतके शिक्षक आणायचे कुठून?

ते शाळेतच होते. शाळेतल्या मुली.

पश्चिम बंगालच्या अभ्यासक्रमात आपल्याकडच्या कार्यानुभवासारखा विषय होता. आपण त्या तासाला काय केलं ते आठवून पाहा: कागदी फुलं, तोरणं, खडू, फार तर पायपुसणं. वार्षिक प्रदर्शन झालं की ते सगळं धूळ खात पडायचं. सिस्टर सिरिल यांनी हे तास उचलले आणि पाचवीपासून पुढच्या मुलींना त्या तासाला रेनबोत पाठवलं. एका वर्गाचा तास संपला की दुसऱ्या वर्गाचा सुरू. वेळापत्रक अशा रीतीनं लावलं की आठवडाभर, शाळा चालू असेल तेव्हा, रेनबोच्या जागेत शिकवणाऱ्या मुली असतीलच.

तिथे जे दिसे ते असं. चटईवर जोड्या बसलेल्या. गणवेशातली अकरा-बारा वर्षांची मुलगी आणि तिच्यासमोर जवळपास तेवढ्याच वयाची, पण हातांना काळे चट्टे असलेली दुसरी. मधे एक पाटी किंवा वही. ‘क’ काढून दाखवायचा, तिचा हात धरून काढून घ्यायचा, तिला जमला की पुढचं अक्षर. आसपास पन्नास जणींचा आवाज. यात मोठ्या माणसांचं काम शिकवण्याचं नव्हतं. कोण कुठवर आलं ते पाहायचं, साहित्य तयार ठेवायचं, अडलेल्या जोडीला सोडवायचं आणि एखादी मुलगी चार दिवस दिसली नाही तर फुटपाथवर जाऊन चौकशी करायची, हे त्यांचं काम.

यात आणखी एक गोष्ट घडते. शिकवणारी मुलगी शिकते. फक्त ‘समाजाचं भान’ वगैरे नाही, गणितही शिकते. हातचा घेऊन वजाबाकी का करायची हे दुसऱ्याला समजावायला गेलं की स्वतःला ते किती कळलंय हे उघडं पडतं. ज्यांनी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतला आहे, त्यांना हे माहीत आहे. म्हणून ‘आमच्या मुलींचा अभ्यास बुडतो’ या तक्रारीला मी फारसं वजन देणार नाही.

तक्रारीत तथ्य असेल तर ते वेगळ्या ठिकाणी आहे. मुलं मुलांना शिकवतात तेव्हा उच्चार, चुकीच्या सवयी, अर्धवट समज हेही पोहोचतं. म्हणून प्रशिक्षित माणूस जवळ लागतोच. आणि रेनबो हा मुक्कामाचा वर्ग नव्हताच. मुलीला वाचता-लिहिता यायला लागलं आणि बसण्याची सवय झाली की तिला तिच्या वयाच्या वर्गात, लोरेटोत किंवा आसपासच्या शाळेत, घालायचं. म्हणजे दहा वर्षांची मुलगी पहिलीत जाऊन लाजेनं पळण्याऐवजी काही महिन्यांनी चौथीत जाऊन बसायची. एवढी साधी दुरुस्ती, पण मूल टिकणार की नाही हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं.

रात्रीचं काय

दिवसा शिकलेली मुलगी संध्याकाळी पुन्हा फुटपाथवर जाते. लहान असते तोवर आईला फक्त गाडीखाली येण्याची भीती असते. दहा-बारा वर्षांची झाली की भीती बदलते. फुटपाथवरची आई रात्रभर मुलीला आपल्या आणि भिंतीच्या मधे झोपवते. अनेकदा घाईघाईनं लग्न लावून देण्याचं कारणही हेच असतं. रात्र सुरक्षित नसेल तर दिवसाचं शिक्षण किती दिवस चालेल?

शाळेची इमारत मात्र दुपारनंतर रिकामी असते. संडास, नळ, वर्ग, भिंती, फाटक, दरवान, सगळं जागच्या जागी असतं आणि रात्रभर कुणाच्या उपयोगी पडत नाही. शनिवार-रविवार धरले, उन्हाळ्याची सुट्टी धरली, तर शाळेची इमारत वर्षातले बहुतेक तास रिकामीच असते. सियालदहला रेनबोतल्या मुली हळूहळू शाळेतच राहू लागल्या आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. नवीन वसतिगृह बांधण्याची वाट कुणी पाहिली नाही.

हा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या शहरांत आज जसाच्या तसा लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास चालणारा निवारा हवा. पालिका जागा नाही म्हणतात. त्याच वेळी पट घसरल्यामुळे पालिकांच्या शाळांचे मजलेच्या मजले कुलूपबंद असतात. पुढे रेनबोच्या धर्तीवर हैदराबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, पुणे अशा शहरांत निवासी घरं सुरू झाली, तेव्हा सरकारी शाळांच्या रिकाम्या जागा मागण्याचा आग्रह त्या कामाच्या मुळाशी होता.

या मुली अनाथ नव्हत्या, हेही इथे सांगायला हवं. त्यांना आई होती, बऱ्याच जणींना वडीलही होते. मुलीला कुटुंबापासून तोडून ‘वाचवणं’ हा जुना दयाळू मार्ग आहे आणि तो फार घातकी आहे. आईला गुन्हेगार ठरवून मूल सुधारत नाही. घर रस्त्यावर असलं तरी ते घर आहे, आईचं नातं तोडायचं नाही, फक्त मुलीची रात्र सुरक्षित करायची, ही रेषा सांभाळणं अवघड असतं. आणि मर्यादाही मान्य करायला हवी: लोरेटो मुलींची शाळा, त्यामुळे शाळेत राहायची सोय मुलींची. त्याच फुटपाथवरच्या भावांचा प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी सोडवावा लागला.

पैसे कुठून आले

अर्ध्या मुली फी देणार, अर्ध्या नाही, आणि वर रस्त्यावरच्या मुलींचं जेवणखाण. हे फक्त फीवर चालत नाही. देशातून आणि परदेशातून देणग्या येत, मुलींचा खर्च उचलणारे दाते असत. पण शिकवण्याचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचे पगार आणि इमारत. इमारत आधीच होती आणि रेनबोतलं बरंचसं शिकवणं विद्यार्थिनी करत. म्हणून एका मुलीमागे येणारा जादा खर्च आवाक्यात राहिला. एखाद्या संस्थेनं नवीन जागा घेऊन, नवे शिक्षक नेमून हेच करायचं ठरवलं असतं तर दहा-वीस मुलींवरच पैसे संपले असते.

दुसरी अडचण पैशाची नसते, पालकांची असते. ‘माझ्या मुलीला उवा होतील’, ‘भाषा बिघडेल’, ‘दर्जा खाली येईल’. ही वाक्यं सियालदहला कुणी म्हटली की नाही माहीत नसलं तरी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी वाचलेली आहेत. याला सिस्टर सिरिल यांचं उत्तर भाषणात नव्हतं, पटात होतं. वर्गात चार गरीब मुली असतात तेव्हा त्या ‘त्या’ असतात. निम्म्या असतात तेव्हा ‘त्या’ कोण हेच कळेनासं होतं. बाजूला वेगळी शाखा, वेगळी पाळी, वेगळा गणवेश काढणं सोपं पडलं असतं आणि ते पुष्कळ ठिकाणी होतंही.

गावं आणि अनवाणी शिक्षक

याबद्दल थोडक्यात, कारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दर गुरुवारी लोरेटोच्या मुलींची एक तुकडी बसनं शहराबाहेरच्या गावांतल्या शाळांत जाई आणि तिथल्या मुलांना खेळ, गाणी, साहित्य घेऊन शिकवी. त्यातून सिरिल यांच्या लक्षात आलं की गावात शिकवू शकणारी तरुण मुलं-मुली असतात, फक्त त्यांच्याकडे पदवी नसते. त्यांना कमी दिवसांचं, हातानं करून शिकायचं प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी आपल्याच वस्तीत शिकवायचं. याला ‘बेअरफूट’ म्हणजे अनवाणी शिक्षक म्हणत. असे हजारो शिक्षक तयार झाले, वीटभट्ट्यांवरच्या मुलांपर्यंतही ते पोहोचले. आपल्याकडच्या साखरशाळा, किंवा १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात बांधकामांवर, फुटपाथवर शाळा नेणारी डोअर स्टेप स्कूल ही संस्था, या सगळ्यांना भिडलेला प्रश्न हाच आहे: आईबाप कामामागे फिरतात, शाळा एका जागी उभी राहते.

सिरिल यांच्या कामाला १९९४ साली युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा नोमा पुरस्कार मिळाला आणि २००७ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्या गेल्या.

कायद्यानं यातलं काय घेतलं

२००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला, २०१० पासून लागू झाला. आपल्याकडे ‘आरटीई’ म्हटलं की २५ टक्के जागांची लॉटरी एवढंच लोकांना माहीत असतं. तेही महत्त्वाचं आहे. खासगी शाळेनं पहिल्या वर्गातल्या किमान पाव जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट देऊ केली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. त्या काही महिन्यांत खासगी शाळांच्या बाजूनं जे युक्तिवाद झाले, ते वाचताना मला सियालदहची अर्धी पटसंख्या सतत आठवत होती.

आणि लोरेटोसारख्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तर हा कायदा लागूच नाही. २०१२ आणि २०१४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानं त्यांना वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१४ च्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. सियालदहच्या शाळेनं अर्ध्या जागा दिल्या त्या कायदा जन्माला येण्याच्याही कितीतरी आधी, आणि कायद्यानं सक्ती नसताना.

फुटपाथवरच्या मुलासाठी २५ टक्क्यांची लॉटरी मात्र फारशी कामाची नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा तर राहण्याचा पुरावा लागतो: रेशनकार्ड, वीजबिल, भाडेकरार वगैरे. घराजवळची शाळा नकाशावर घराची खूण करून ठरते. ज्यांना घरच नाही त्यांनी खूण कुठे करायची? ज्यांच्यासाठी दार उघडलं असं आपण मानतो, त्यांतले सगळ्यात शेवटचे लोक याच रकान्यापाशी अडतात.

त्यांच्या खऱ्या उपयोगाची कलमं वेगळी आहेत आणि ती फार कमी लोकांना माहीत आहेत. रेनबोनं जे १९८५ पासून केलं त्याचा बराच भाग त्यांत आहे. कलम ४ सांगतं की शाळेत कधी न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच प्रवेश द्यायचा आणि बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम १४ सांगतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू होऊन गेलं म्हणूनही नाकारता येणार नाही. आणि कलम ९ प्रमाणे स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होतो की नाही हे पाहणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे पालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं काम आहे.

कागदावर हे आहे. व्यवहारात ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजण्यात आली, मुलांच्या बोटाला शाई लावली गेली, आणि तेव्हाही संस्थांची ओरड हीच होती की फिरती, रस्त्यावरची मुलं मोजणीतून सुटली.

म्हणून तुमच्या ओळखीत असं मूल असेल, सिग्नलवर गजरे विकणारं, इमारतीच्या बांधकामावर राहणारं, बाजारात आईसोबत बसणारं, तर त्याला घेऊन जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. जन्मदाखला मागितला तर कलम १४ सांगा. ‘आता जूनमध्ये या’ म्हणाले तर कलम १५. पहिलीत बसवतो म्हणाले आणि मूल दहा वर्षांचं असेल तर कलम ४ आणि विशेष प्रशिक्षण कधी सुरू करणार ते लेखी विचारा. तरी नकार आला तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत तिचा निकाल लागला पाहिजे आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. आणि मूल संकटात असेल, रात्री कुठे ठेवायचं हा प्रश्न असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.